वळसा घालून जाता येतं, मग ठाणं धरून कशाला बसायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की शत्रू बाजूनं वळसा घालून सरळ पुढे जाऊ शकतो, डोक्यावर ड्रोन आहेत, लांबून तोफा आहेत, मग एखाद्या टेकडीवर नाहीतर गावात शे-दोनशे माणसं बसवून ठेवण्यात काय अर्थ आहे, ती आज ना उद्या घेरली जाणारच, त्यापेक्षा सगळी फौज हलती ठेवलेली बरी नाही का. आणि शेवटी विचारलंय की धरायचंच असेल तर किती दिवस, हे कशावरून ठरवतात. मी पायदळात होतो, निम्मी नोकरी डिफेन्स उभे करण्यात गेली आणि नंतरची काही वर्षं नव्या पोरांना ते कसे उभे करायचे हे शिकवण्यात, आणि दर बॅचला कोणीतरी हेच विचारायचं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी हे सांगतो की तुमची शंका अर्धी बरोबर आहे. ठाणी धरून बसण्याच्या नादात अख्ख्या फौजा गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत, त्यातली काही खाली येतील. आणि सगळ्या परिस्थितीला लागू पडेल असं एक उत्तर माझ्याकडे नाही. जमीन कशी आहे, शत्रूकडे काय आहे, आपली राखीव फौज किती लांब आहे, हवामान काय आहे, मुळात आपल्याला वेळ किती हवाय, यातलं एक जरी बदललं तरी हिशोब बदलतो. सपाट वाळवंटातलं ठाणं आणि खिंडीच्या तोंडावरचं ठाणं यांना एकच नियम लावला तर माणसं मरतील.

पण मला वाटतं तुम्ही जे विचारताय त्याच्या मुळाशी खरा प्रश्न वेगळाच आहे. ठाणं "आपल्याकडे राहिलं" म्हणजे नक्की काय मिळालं? नकाशावर आपला झेंडा दिसतो हे काही मिळणं नव्हे. मी पोरांना नेहमी सांगायचो की जागेचं नाव घेऊ नका, मला असं वाक्य करून दाखवा: "मी इथे बसलोय तोवर शत्रूला अमुक करता येत नाही." ते वाक्य जमलं नाही तर तिथे बसू नका, मग ती टेकडी कितीही उंच आणि देखणी असो.

आता वळशाचं बघू. माणूस वळसा घालून जाऊ शकतो हे खरं, रात्री नाल्यानाल्यानं एक कंपनी, म्हणजे शे-सव्वाशे माणसं, कुठूनही निघून जाईल, पण फौज म्हणजे नुसती माणसं नसतात ना, मागून ट्रक येतात, डिझेल येतं, तोफांचे गोळे येतात, जखमींना मागे न्यायचं असतं, आणि हे सगळं रस्त्यावरूनच चालतं. पुढे गेलेल्या रणगाड्यांना दोन-तीन दिवसांत इंधन लागतं आणि ते इंधन तुमच्या ठाण्याखालच्या चौकातूनच यायचं असेल तर वळसा घालून पुढे गेलेला शत्रू स्वतःच अडचणीत येतो. बास्तोन्यचं उदाहरण यासाठीच घ्यावं. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मन फौजांनी बेल्जियमच्या आर्देन भागात हल्ला केला, १६ तारखेला सुरुवात झाली, आणि बास्तोन्य या छोट्या गावात सात रस्ते येऊन मिळत होते. अमेरिकेची १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन आणि तिच्याबरोबरच्या तुकड्या तिथे घेरल्या गेल्या. जर्मनांनी वळसा घातला का? घातला ना, तुम्ही म्हणताय तसाच, त्यांची २ री पँझर (रणगाड्यांची) डिव्हिजन बाजूनं निघाली आणि म्यूज नदीच्या अगदी जवळ पोचली सुद्धा, आणि तिथे इंधनावाचून अडकून पडली. मागे चौक बंद होता, जी होती ती वाहतूक आडरस्त्यांवर कोंबली गेली होती, आणि बास्तोन्यभोवती जर्मनांना अख्ख्या तुकड्या गुंतवून ठेवाव्या लागल्या त्या वेगळ्याच. २६ तारखेला अमेरिकन जनरल पॅटनच्या ४ थ्या आर्मर्ड डिव्हिजननं वेढा फोडला.

याच लढाईत जवळच सेंट व्हिथ नावाचं दुसरं रस्त्यांचं गाव होतं आणि त्याच्याबद्दल लोक फार कमी बोलतात, ते मला नेहमी खटकतं. तिथल्या अमेरिकन तुकड्यांनी १७ तारखेपासून गाव धरलं, २१ तारखेला गाव गेलं, २३ ला उरलेली फौज बाहेर काढली. म्हणजे ठाणं पडलंच. पण जर्मन वेळापत्रकात ते गाव अगदी सुरुवातीलाच हातात यायला हवं होतं, ते कित्येक दिवस आलं नाही, आणि त्या दिवसांत मागे दुसरी फळी उभी राहिली. माझ्या हिशोबानं सेंट व्हिथवाल्यांनी त्यांचं काम पूर्ण केलं. ठाणं टिकलं की पडलं एवढ्यावर मोजमाप करू नका, त्यानं किती वेळ मिळवून दिला आणि त्या वेळात मागच्यांनी काय केलं ते बघा.

रस्ता अडवणं हे एक झालं. दुसरं म्हणजे नजर. उंचावर बसलेला एक माणूस, त्याच्याकडे दुर्बीण आणि रेडिओ, आणि मागे तोफा, एवढ्यावर खालची दहा-पंधरा किलोमीटरची वाहतूक बंद पडू शकते. १९९९ ला कारगिलच्या युद्धात तोलोलिंगचं तेच झालं होतं, द्रासच्या वर बसलेल्या घुसखोरांना श्रीनगर-लेह रस्ता खाली स्पष्ट दिसत होता आणि ते तिथून तोफांचा मारा आणवत होते, म्हणून ती टेकडी घेणं भागच होतं, १३ जूनला ती परत मिळाली आणि मग बाकीची शिखरं सुटी सुटी पडत गेली. इस्रायलचा हर्मोन पर्वतावरचा निरीक्षण तळ १९७३ च्या युद्धात पहिल्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला गेला, आणि तो परत घ्यायला २२ ऑक्टोबर उजाडला, मधला एक हल्ला तर वाया गेला. नजरेची जागा घालवायला काही तास लागतात आणि परत घ्यायला किती रक्त लागेल ते सांगता येत नाही.

मी नवा होतो तेव्हा एका सरावात माझ्या प्लॅटूनचा, म्हणजे तीसेक जवानांच्या तुकडीचा, डिफेन्स बघायला आमचे वरिष्ठ आले. मी सगळं आखून ठेवलं होतं, कुठली एलएमजी (हलकी मशीनगन) कुठे, कोणाचा आर्क, म्हणजे मारा करायचा पट्टा, कुठून कुठे. ते काहीच बोलले नाहीत, मला घेऊन खाली उतरले, समोर जवळजवळ एक किलोमीटर चालत नेलं आणि म्हणाले, झोप इथे आणि आता तुझी पोस्ट बघ. झोपलो. माझ्या मोर्च्यापासून दीडशे मीटरवर एक घळ होती, ती वरून दिसतच नव्हती, आणि खालून बघताना सरळ दिसत होतं की अख्खी प्लॅटून त्या घळीतून उभी राहून चालत माझ्या वायरपर्यंत, म्हणजे काटेरी तारेपर्यंत, येऊ शकते. तेव्हापासून मी एकही डिफेन्स समोरून बघितल्याशिवाय पक्का केला नाही. आपल्या बाजूनं बघितलं की प्रत्येक टेकडी मजबूतच वाटते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, इथे मी जास्त वेळ घेणार. माझ्या अनुभवात ठाण्याची निम्मी ताकद ठाण्याच्या बाहेर असते. शेजारच्या ठाण्याची मशीनगन तुमच्या समोरच्या उतारावर मारा करू शकते का, मागच्या तोफा तुमच्या वायरसमोर गोळे टाकू शकतात का, तुमच्याहून उंच असलेली शेजारची सोंड कोणाच्या ताब्यात आहे. हे तीन प्रश्न मी बंकर बघायच्या आधी विचारायचो.

शेजारच्या सोंडेचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. १६६५ ला मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातला तेव्हा त्यांनी आधी वज्रगड घेतला, तो शेजारीच, खिंडीपलीकडे. १४ एप्रिलला वज्रगड पडला, त्यावर मुघल तोफा चढल्या आणि त्या पुरंदरवर धडाडायला लागल्या. किल्ल्यावरच्या लोकांनी लढण्यात काहीही कसूर केली नाही, मुरारबाजींनी तर बाहेर पडून दिलेरखानाच्या फौजेवर हल्ला केला आणि तिथेच ते पडले, पण शेजारची उंची गेली होती. जूनमध्ये तह झाला आणि २३ किल्ले द्यावे लागले. मी शिकवताना विचारायचो, पुरंदर धरायचा तर पहिली माणसं कुठे लावाल? बहुतेक जण पुरंदरचा दरवाजा सांगायचे.

तोफांचं उदाहरण म्हणजे रेझांग ला. १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग, सुमारे १२० जवान, सोळा हजार फुटांच्या वर. चुशूलच्या धावपट्टीकडे येणारी वाट ते अडवून बसले होते. आपल्या तोफा होत्या पण मध्ये डोंगराचा आडवा माथा येत होता, त्यामुळे तोफांचे गोळे त्यांच्या समोर पडूच शकत नव्हते. जवळजवळ सगळी कंपनी तिथेच कामी आली, जागा न सोडता. त्यांच्या शौर्याबद्दल मी काय बोलणार, मी फक्त एवढं सांगतो की त्या जवानांनी जे केलं ते तोफांच्या मदतीशिवाय केलं, आणि कुठल्याही कमांडरनं दुसऱ्या कंपनीला त्या स्थितीत ठेवायची वेळ आणू नये म्हणून आम्ही नकाशावर तोफेच्या गोळ्याची वाट आधी तपासायला शिकवायचो.

याच्या उलट कोहिमा. एप्रिल १९४४, जपानची ३१ वी डिव्हिजन, दहा हजारांच्या वर माणसं, आणि समोर अडीच हजारांच्या आसपासची तुकडी, त्यातले लढणारे आणखी कमी. वेढा इतका आवळला की शेवटी शेवटी डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट हीच दोन्ही बाजूंची हद्द झाली. तरी ते टिकले, आणि त्याचं एक मोठं कारण हे की पश्चिमेला साधारण तीन किलोमीटरवर जोत्सोमाला १६१ वी ब्रिगेड स्वतः जवळपास घेरलेल्या अवस्थेत बसून होती आणि तिच्या पहाडी तोफा कोहिमाच्या खंदकांसमोर अगदी मोजून गोळे टाकत होत्या. तोफा ठाण्यात असत्या तर जपान्यांनी त्या पहिल्या दोन दिवसांत फोडल्या असत्या. वळसा घालून पुढे दिमापूरला, म्हणजे सगळ्या रसदीच्या आगारावर, तुकडी पाठवायचा पर्याय जपान्यांना होता, ब्रिटिश सेनापती स्लिमला तीच भीती होती, पण जपानी डिव्हिजनच्या जनरल सातोला हुकूम कोहिमा घेण्याचा होता आणि तो तिथेच अडकून राहिला. तीन आठवड्यांची रसद घेऊन आलेली डिव्हिजन ती संपल्यावर उपासमारीनं मागे फिरली.

आणि परस्पर मदत नसली की काय होतं ते बघायचं तर गझाला, मे-जून १९४२, लिबियाचं वाळवंट. ब्रिटिशांनी सुरुंगांच्या पट्ट्यात ब्रिगेडचे "बॉक्स" म्हणजे चौफेर ठाणी केली होती. कागदावर सुंदर दिसतं. पण १५० व्या ब्रिगेडचा बॉक्स आणि त्याच्या दक्षिणेचा बीर हकीम यांच्यात जवळजवळ २० किलोमीटर अंतर, त्या मधल्या जागेवर नुसते सुरुंग, त्यांच्यावर नेम धरून बसलेलं कोणी नाही. जर्मनांनी सुरुंग निवांत उचलले, वाट केली आणि १ जूनला १५० वी ब्रिगेड एकटी गाठून संपवली. मशीनगनचा मारा साधारण १८०० मीटर, रायफलचा त्याच्या पाव भाग सुद्धा नाही, मग वीस किलोमीटरवरचा शेजारी काय कामाचा? ज्या अडथळ्यावर आपली गोळी पोचत नाही तो अडथळा शत्रूला थोडा उशीर करतो, अडवत नाही. वायर असो, सुरुंग असो, खंदक असो, सगळ्याला हेच.

रसद आणि पाणी. यावर लोक एक ओळ लिहून पुढे जातात पण ठाणी बहुतेक वेळा इथेच मरतात. एका सरावात आमच्या कंपनीचा डिफेन्स खरंच चांगला होता, खोदकाम पूर्ण, ओव्हरहेड कव्हर (मोर्च्यावरचं छत) पूर्ण, रेंज कार्ड (कुठल्या खुणेपर्यंत किती अंतर याचा तक्ता) तयार, फक्त पाण्याचा झरा मागच्या उतारावर तीनशे मीटर खाली होता आणि तिथे जायची पायवाट समोरच्या डोंगरावरून दिसत होती. पहिल्या रात्री "शत्रू"नं तिथे एक एमएमजी (मध्यम मशीनगन) लावली. अंपायरनं पाणी आणायला गेलेल्या दोन्ही पार्ट्या मेल्या म्हणून जाहीर केल्या, आणि दुसऱ्या दुपारी आमच्या पोरांच्या बाटल्या रिकाम्या होत्या. एक सुद्धा हल्ला न होता आम्ही तो डिफेन्स हरलो. तेव्हापासून मी कंपनीला आधी पाणी साठवायला लावायचो आणि मग बंकरची माती भरायला, पोरं कुरकुरायची, पण मी ऐकलं नाही.

मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट म्हणजे व्हिएतनाममधलं दिएन बिएन फू, १९५४. फ्रेंचांनी दरीत तळ केला, भोवती बेआट्रिस, गॅब्रिएल, इझाबेल अशी नावं दिलेली ठाणी, आणि सगळी रसद विमानानं. भोवतालचे डोंगर व्हिएत मिन्हच्या, म्हणजे फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएतनामी फौजेच्या ताब्यात. एवढ्या जंगलातून जड तोफा वर येणारच नाहीत हे फ्रेंचांनी गृहीत धरलं होतं. तोफा आल्या, माणसांनी हातांनी ओढून आणल्या, डोंगरात खोल पुरून ठेवल्या. १३ मार्चला पहिल्याच रात्री बेआट्रिस पडलं, दोन दिवसांत गॅब्रिएल, महिना संपेपर्यंत धावपट्टी वापरता येईना. इझाबेल पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला, तिथल्या तोफा उत्तरेकडच्या ठाण्यांपर्यंत पोचतही नव्हत्या. ७ मेला सगळं संपलं. बघा, वरचे तिन्ही प्रश्न तिथे नापास आहेत, उंची शत्रूची, शेजारी लांब, त्याच्या तोफा पोचत नाहीत, आणि वर रसदीला एकच दोर, तोही शत्रूच्या तोफेखाली. तिथले सैनिक शूर नव्हते असं कोणीही म्हणू शकत नाही.

काँक्रीटबद्दल थोडक्यात. लोकांना भिंतींचं फार आकर्षण. फ्रान्समधल्या व्हर्दंचा दूओमों किल्ला, त्या काळातला सगळ्यात मजबूत म्हणून गाजलेला, २५ फेब्रुवारी १९१६ ला जर्मनांच्या मूठभर माणसांनी जवळजवळ न लढता घेतला, कारण फ्रेंचांनी आधीच त्याच्या बऱ्याचशा तोफा दुसरीकडे हलवल्या होत्या आणि आत पन्नास-साठ माणसं उरली होती. परत घ्यायला २४ ऑक्टोबर उजाडला आणि मध्ये हजारो माणसं गेली. बेल्जियमचा एबेन एमाएल, मे १९४०, आत मोठी शिबंदी, आणि ऐंशीच्या आसपास जर्मन सैनिक ग्लायडरनं थेट छतावर उतरले, छतावर बचाव जवळजवळ काहीच नव्हता, दुसऱ्या दिवशी किल्ला शरण. लिबियातलं टोब्रुक तेच, जागा तीच, १९४१ मध्ये २४१ दिवस टिकलं आणि १९४२ च्या जूनमध्ये मोठा हल्ला झाल्यावर दोन दिवसांत गेलं, तीस हजारांवर कैदी, कारण मधल्या काळात सुरुंग उचलून दुसरीकडे नेले होते, खंदक वाळूनं भरत आले होते आणि पुन्हा वेढा सोसायचा नाही असं वरच्यांनी आधीच ठरवलेलं होतं. ठाणं रोज राखावं लागतं. सोडलेल्या मोर्च्यात महिन्याभरात गवत माजतं, फोनची तार तुटते, आर्क कोणाला आठवत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

तर आता तुमच्या "सगळी फौज हलती ठेवा" याकडे येतो. हलती फौज हवीच, माझा त्याला अजिबात विरोध नाही, उलट ती नसेल तर ठाणं धरू नका असंच मी म्हणेन. पण हलत्या फौजेला शत्रू कुठेतरी थांबलेला हवा असतो, त्याचं तोंड एका बाजूला अडकलेलं हवं असतं, तेव्हा बाजूनं मारता येतं. जिंजी आठवा. राजाराम महाराज तिथे पोचल्यावर १६९० पासून १६९८ पर्यंत झुल्फिकारखानाची फौज त्या किल्ल्यापाशी गुंतून राहिली, मध्ये ढिलाई झाली, तडजोडी झाल्या, हे सगळं धरून सुद्धा सात-आठ वर्षं, आणि त्या काळात संताजी-धनाजी बाहेरून त्या वेढा घालणाऱ्यांच्याच रसदीवर आणि कुमकेवर तुटून पडत होते. किल्ला नसता तर मुघल फौज मोकळी, आणि संताजी-धनाजी नसते तर किल्ला दोन वर्षांत गेला असता. शेवटी किल्ला पडला, पण त्याआधी राजाराम महाराज निसटले होते, म्हणजे ज्यासाठी एवढा वेढा घातला तेच हाताला लागलं नाही. राजस्थानातल्या लोंगेवालाला, डिसेंबर १९७१, २३ पंजाबच्या एका कंपनीनं, सव्वाशेच्या आसपास माणसं, उंच टेकाडावरून रात्रभर रणगाडे थोपवले, पाकिस्तानी तुकडी काटेरी तार बघून सुरुंग असतील म्हणून थबकली, वाळूत गाड्या रुतल्या, आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली, मग उघड्या वाळवंटातले रणगाडे टिपले गेले. हंटरना रात्री हल्ला करता येत नव्हता म्हणून सकाळ होईपर्यंत ते ठाणं टिकणं गरजेचं होतं. कंपनीनं रात्र दिली, बाकीचं विमानांनी केलं.

आणि हेच नसलं की उलटं होतं. मार्च १९४४ मध्ये हिटलरनं हुकूम काढला की अमुक अमुक शहरं "किल्ले" म्हणून जाहीर, घेरले गेलात तरी धरून राहायचं. जूनमध्ये सोव्हिएत हल्ला आला, बेलारूसमधली विटेब्स्क, ओर्शा, मोगिलेव्ह, बॉब्रुइस्क सगळी एका आठवड्यात गेली, आत अडकलेल्या डिव्हिजन संपल्या, कारण बाहेरून सोडवायला येणारी राखीव फौजच नव्हती. त्या ठाण्यांनी शत्रूच्या तुकड्या अडकवल्याच नाहीत, फक्त स्वतःच्या अडकवल्या. तुम्हाला जी भीती वाटतेय ती याच प्रकाराची आहे आणि ती रास्त आहे.

ड्रोनबद्दल. गेल्या काही वर्षांत युक्रेनमध्ये जे दिसलं त्यावरून मला असं वाटतं की ठाण्याची गरज गेलेली नाही, त्याचा आकार बदललाय. पूर्वी एका टेकडीवर अख्खी कंपनी घट्ट बसायची, आता तसं बसलात तर दुपारपर्यंत सापडाल. तीन-चार माणसांचे छोटे मोर्चे, लांब लांब, झाडीच्या पट्ट्यात नाहीतर तळघरात, वरून जाळी, रेडिओ कमीत कमी, आणि मधली मोकळी जागा माणसांऐवजी सुरुंग, तोफा आणि आपल्याच ड्रोननं झाकलेली. सगळ्यात जास्त बदललीय ती रसद. शेवटचे काही किलोमीटर गाडीनं जाणं आता सगळ्यात धोक्याचं काम झालंय, जखमी माणूस बाहेर काढायला कधीकधी दिवस लागतात, त्यामुळे मोर्च्यात आधीपासून किती पाणी, किती दारूगोळा, किती पट्ट्या आणि औषधं साठवलीत यावर सगळं येऊन थांबतं. म्हणजे माझ्या त्या पाण्याच्या पार्टीचाच प्रश्न, आता वरून बघणारा डोळा चोवीस तास आहे एवढंच. बाख्मुत किंवा अव्दीव्कासारख्या ठिकाणी महिनोन् महिने लढाई चालली ती रस्ते आणि उंची यांच्यासाठीच, आणि अव्दीव्का फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडावं लागलं तेव्हा आत-बाहेर जायच्या वाटा आवळल्या गेल्या होत्या.

राहिला शेवटचा प्रश्न, किती दिवस धरायचं. हे ठाण्यातल्या कमांडरनं लढाई पेटल्यावर ठरवायचं नसतं, आधीच वरून मिळालेलं असायला हवं, आणि हुकुमात "शेवटच्या गोळीपर्यंत" असलं काही न लिहिता काम लिहिलेलं हवं: अमुक पूल मागच्या डिव्हिजननं ओलांडेपर्यंत, अमुक फळी उभी राहीपर्यंत. मी कंपनी कमांडर असताना वरून नुसतं "होल्ड करा" आलं की उलट विचारायचो, कशासाठी आणि कधीपर्यंत. एक-दोनदा बोलणी खाल्ली, पण उत्तर मिळायचं, आणि ते उत्तर मी पोरांना सांगायचो, कारण माणसाला आपण का थांबलोय हे माहीत असलं की तो दुसऱ्या रात्री पण थांबतो.

मी यासाठी नेहमी बीर हकीमचं उदाहरण द्यायचो. जनरल कोनिगच्या हाताखाली साधारण ३,७०० जणांची फ्री फ्रेंच (फ्रान्स पडल्यावरही जर्मनांशी लढत राहिलेल्या फ्रेंचांची) ब्रिगेड, २६ मे १९४२ पासून त्यांनी ते ठाणं धरलं, गझाला फळीचं अगदी दक्षिणेचं टोक, ते उभं आहे तोवर जर्मन सेनापती रोमेलच्या रसदीला आणखी दक्षिणेनं लांबचा फेरा पडत होता. १५० वी ब्रिगेड गेल्यावर रोमेल सगळं बळ घेऊन यांच्यावर वळला. पाणी संपत आलं, दारूगोळा संपत आला, बाहेरून सुटका होणार नाही हे दिसलं, आणि मागच्यांना हवे होते ते दिवस मिळालेले होते. तेव्हा १० जूनच्या रात्री त्यांनी स्वतःच्याच सुरुंगांतून वाट काढली आणि जर्मन मोर्च्यांमधून लढत बाहेर पडले, नुकसान झालं, पण बहुतेक ब्रिगेड वाचली आणि पुढे पुन्हा लढली. ती वाट बाहेर पडायच्या आधी साफ करावी लागली, अंधारात, आवाज न करता, आणि ती पूर्ण रुंद झालीच नाही म्हणून गाड्यांची कोंडी झाली. म्हणून मी डिफेन्स आखताना सुरुंगांच्या नकाशावर बाहेर पडायची एक वाट पहिल्याच दिवशी ठेवायला लावायचो, ती फक्त कंपनी कमांडर, प्लॅटून कमांडर आणि सुरुंग लावणाऱ्या इंजिनियर पार्टीला माहीत असायची, आणि तिच्यावर एक गन कायम लावलेली असायची, शत्रूला ती सापडली तर तिथूनच आत येऊ नये म्हणून.